वरचे पंचवीस फिल्स

एकतीस पंच्याहत्तर झाले.
मेरिलूनं मान वर न करताच विचारलं,
बत्तीस करू का सर, वरचे पंचवीस मुलांसाठी?
कुठल्या मुलांसाठी, ते तिलाही ठाऊक नसावं.
तिला प्रत्येकाला विचारावं लागतं
आणि डोक्यावर कॅमेरा असतो.
माझ्यामागे पाच ट्रॉल्या,
खुबूसची पाकिटं छातीशी धरलेला एक पठाण.
अशा जागी नाही म्हणायला
फार मोठं काळीज लागतं.
करा, म्हटलं.

या महिन्यात टूथपेस्ट गुलाबी आहे.
दात घासले की कुणाचा तरी कर्करोग मागे हटणार.
साबणाच्या पुड्यामागे एक झाड,
दह्याच्या डब्यामागे अर्धी वही
(झाकण जपून ठेवा, आतला नंबर पाठवा,
तारीख उलटली असल्यास क्षमस्व).
दोन तेलांत चार दिरहमांचा फरक.
महागड्या बाटलीवर एक मुलगी हसत होती,
आमच्या मिहिकाएवढी, पुढचा दात पडलेली.
मी स्वस्त तेल घेतलं.
महागडी बाटली फळीवर परत ठेवताना
तिचं तोंड भिंतीकडे केलं.

तिथेच उभा असताना
गावचा रवळनाथाच्या देवळातला पंखा आठवला.
पात्यांवर तांबड्या रंगात,
कै. बायजाबाई सखाराम धुरी यांच्या स्मरणार्थ.
वीज असली की नाव दिसत नाही, नुसता वारा लागतो.
वीज गेली की बायजाबाई वाचता येते
आणि सगळे घामाघूम.
याचा तेलाशी काय संबंध, विचारू नका.

जुलैत साइटवर पांढरी व्हॅन आली.
दुपारची सुट्टी, आम्ही पाइपांच्या सावलीत लांब पसरलेले.
एकसारखे टी-शर्ट घातलेली सहा पोरं उतरली,
त्यांच्या पाठीवर लिहिलेलं: उन्हातल्या वीरांसाठी.
निजाम परकार म्हणाला, वीर कोण रे इथे?
तोवर माझ्या हातात बाटली होती.
अंकल, लेबल जरा पुढे. अजून थोडं. हसा.
लेबलवर बारीक अक्षरांत:
तुमच्या प्रत्येक खरेदीतून एक घोट, एका गरजूला.
निजाम वाकून वाचू लागला.
म्हणाला, अरे, हे तर तुझेच पंचवीस!
तुझ्या खिशाचा वास येतोय का बघ.

स्टोअरकीपर माणूस मी, आवक-जावक हाच धंदा.
रात्री खोलीवर पावत्यांचा डबा उपडा केला.
कधी पंचवीस, कधी पन्नास,
वर्षाचे झाले चौदा दिरहम पंचवीस फिल्स.
वजा एक बाटली, किंमत एक दिरहम.
तेरा पंचवीस कुठेतरी फिरतायत अजून.
कुणीतरी पीत असेल,
कुणाची तरी वही झाली असेल,
नाहीतर त्या सहा टी-शर्टांपैकी
एकाची अर्धी बाही.
पण पाणी गार होतं.
एवढं गार, की दाढ ठणकली.
हिशेबाच्या वहीत हे कुठे लिहायचं, कळेना.

बायकोला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, शाळेच्या टाकीवरही आता
सिमेंट कंपनीच्या सौजन्याने असं रंगवलंय,
मिहिका विचारते, सौजन्य म्हणजे काय गं.
मग तू काय सांगितलंस?
म्हटलं, बाबा आले की विचार.

ऑगस्टात काउंटरशेजारी माणसाएवढा पुठ्ठा उभा.
निळं आभाळ, क्रेन, आणि मधोमध
बाटली धरलेला नुसता हात.
तोंड कापलेलं.
अंगठ्याचं नख काळं,
मार्चमध्ये शटरिंगखाली आलं होतं ते.
अठ्ठावीस पन्नास, मेरिलू म्हणाली.
राउंड करू का सर, उन्हातल्या कामगारांसाठी?
मी म्हटलं, हा हात माझा आहे.

तिनं पहिल्यांदा मान वर केली.
पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे,
परत पुठ्ठ्याकडे.
मागचा माणूस खाकरला.
खरंच की, म्हणाली, आणि हसली,
तिचाही एक दात नव्हता, कडेचा,
दोन वर्षांत मला दिसला नव्हता.
मग आवाज खाली आणून, कॅमेऱ्याला ऐकू जाईल न जाईल असं,
करू का सर?